रापी आमची, नाव कुणाचं?

कातड्याला जात नसते. बैल मेला की त्याचा मालक मराठा होता का माळी होता, ते त्याच्या कातड्यावरून कुणाच्या बापाला ओळखता यायचं नाही. पण तेच कातडं ज्याच्या हातात येतं त्याची जात मात्र सात पिढ्या पुसली जात नाही. कमावणारा ढोर, शिवणारा चांभार, ओढणारा महार, दोर वळणारा मांग, वाजवणारा होलार. एका मेलेल्या जनावराभोवती या देशानं पाच जिवंत जाती उभ्या केल्या आणि वर त्यांना एकमेकांच्या अंगावर सोडलं. म्हणून दोस्तांनो, हा लेख कातड्यावरचा नाही. तो हातांवरचा आहे.

सध्या आम्हाला सल्ला देणारे दोन प्रकारचे लोक भेटतात.

पहिला शहरातल्या प्रदर्शनात भेटतो. सुती कुडता, गळ्यात मणी, इंग्रजीतून मराठी बोलणार. तो चाकूचं कातडी म्यान हातात घेतो, नाकाला लावतो, वास घेतो आणि म्हणतो, वा, काय परंपरा आहे! ही कला जपा. तुमच्या मुलांना शिकवा. त्याचा स्वतःचा मुलगा काय शिकतोय ते विचारू नका. तो काँप्युटर शिकतोय.

दुसरा आपल्यातलाच. बैठकीत शेजारी बसणारा. तो म्हणतो, रापी फेकून दे. बाबासाहेबांनी सांगितलंय, ही घाणेरडी कामं सोडा. तू अजून बापाजवळ बसून वाद्या कापतोस? लाज नाही वाटत?

पहिला म्हणतो जप, दुसरा म्हणतो फेक. आणि दोघांनाही एक प्रश्न पडत नाही: ज्याच्या हातात रापी आहे त्याला काय पाहिजे?

मी इंदापूर तालुक्यातला. चांभाराचा. आमच्या आळीत घराघरात संत रोहिदासांचा फोटो. आमच्या घरात त्याच्या शेजारी बाबासाहेबांचा. त्या दुसऱ्या फोटोवरून आमच्याच भावकीनं वर्षभर बोलणं टाकलं होतं. मी पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीला गावी गेलो की आबांजवळ बसून काम करतो. लाज वाटत नाही. अभिमानही वाटत नाही. काम येतं, एवढंच. जे येतं त्याची लाज का वाटावी, आणि जे जन्मानं गळ्यात पडलं त्याचा अभिमान तरी कशाला?

आधी काम सांगतो. कारण कामावर भाषणं देणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना काम माहीत नसतं.

आमचा तालुका नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला. नरसिंगपूरला दोघी मिळतात. बारामतीकडून कालव्यानं भिजलेला पट्टा येतो, तिथं ऊस. कालव्याचं पाणी जिथं पोचत नाही तिथं माळ, बाभळी, कुसळी गवत आणि मेंढरं. उसाला कोयता लागतो. मेंढरामागच्या धनगराला कुऱ्हाड लागते, बाभळीच्या शेंगा ओढायला आकडी लागते, लोकर कातरायला कातर लागते. ही सगळी धारेची हत्यारं. आणि धारेच्या हत्याराला घर लागतं. ते घर म्हणजे म्यान. आबा कोयत्याची म्यानं शिवतात, कुऱ्हाडीच्या पात्याला टोप्या शिवतात, कातरीला खोळ शिवतात, धनगरांना कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या पिशव्या करून देतात. तंबाखू, चुना, काडेपेटी, आता मोबाईलपण. बैलाच्या गळ्याला घुंगुरपट्टे, चाबकाला वाद्या.

म्यान शिवणं सोपं वाटतं. कातडं दुमडलं, कडेनं टाके घातले, झालं. तसं शिवलेलं म्यान महिन्यात फाटतं, कारण पातं आत-बाहेर होताना टाकेच कापतं. म्हणून धारेच्या बाजूला दोन कातड्यांच्या मधे तिसरी एक जाड पट्टी घालायची. धार पट्टीवर टेकते, दोऱ्याला लागत नाही. कातडं साल घालून कमावलेलं पाहिजे, बाभळीच्या नाहीतर तरवडाच्या. क्रोमचं कातडं मऊ, आकार धरत नाही. सालीचं कातडं भिजवायचं, पात्यावर दाबून बसवायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. वाळलं की ते पात्याचा आकार विसरत नाही. शिवायचं एका दोऱ्यानं, दोन टोकांना दोन सुया, एकाच भोकातून समोरासमोर. असा एखादा टाका तुटला तरी पुढचा सुटत नाही. मशीनची शिवण एका जागी तुटली की उसवत जाते. भोकं आरीनं पाडायची, सारख्या अंतरावर, डोळ्यांच्या अंदाजानं. दोऱ्याला मेण. कडा घासून गुळगुळीत.

एक म्हातारा धनगर दरवर्षी आबांकडं येतो. मेंढरं माळावर बसवून येतो. म्हणतो, "आबा, असं कर बाबा, की पळताना पडलो तरी पातं भाईर येऊ ने." आबा कमरेला बसेल असा तिरका फासा करून देतात. म्हातारा आमच्या दारात बसून चहा पितो. त्याचा बाप आमच्या आज्याला "ए चांबारा" म्हणून लांबूनच हाक मारायचा आणि वस्तू जमिनीवर ठेवायला सांगायचा. एवढा फरक पडला आहे. तो आपोआप पडलेला नाही. त्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली, मार खाल्ला, मेली.

आता बघा, हा धनगरही काही जमीनदार नाही. वर्षातले आठ महिने बायकापोरं, घोडी, कोंबड्या घेऊन फिरणारा माणूस. अमेरिकेत गुरांमागं फिरणारा गुराखी असतो, त्याला काऊबॉय म्हणतात, त्याच्यावर सिनेमे निघतात. त्याच्या चाकूचं म्यान, खोगीर, पट्टा हातानं शिवणारे कारागीर तिकडं अजून आहेत, आणि ते आपल्या कामावर आपलं नाव ठोकतात. लोक नाव बघून वस्तू मागतात, थांबून घेतात, भाव देतात. तिकडं कातड्यावर कारागिराचं नाव ठोकतात. इकडं कारागिरावर कातड्याची जात ठोकतात. दोन म्यानांतला फरक तो एवढाच. टाका सारखाच आहे.

आबांनी चाळीस वर्षांत किती म्यानं शिवली असतील? त्यातल्या एकावरही त्यांचं नाव नाही. कारण ते म्यान त्यांचं मानलंच गेलं नाही. ते बलुतं होतं.

बलुतं म्हणजे काय हे शहरात वाढलेल्या दोस्तांना सांगायला पाहिजे, कारण आजकाल बलुतेदारीची फार गोड गाणी ऐकू येतात. गाव म्हणजे कुटुंब, बारा बलुतेदार म्हणजे बारा भाऊ! भाऊ असते तर एकाला वाडा आणि दुसऱ्याला वेशीबाहेर झोपडं का? आमचा आज्या वर्षभर गावाच्या वहाणा, मोटा, आसूड, पट्टे शिवायचा आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभा राहायचा. मालकाची मर्जी असेल तर पायली, नसेल तर शिव्या. भाव ठरवायचा हक्क नाही. काम नाकारायचा हक्क नाही. वस्तू दुसऱ्या गावात विकायची मुभा नाही. ज्या कामाला नाही म्हणता येत नाही त्याला कला म्हणत नाहीत. वेठ म्हणतात.

मोटेचंच घ्या. विहिरीवरची मोट आमच्या हातची, तिचा नाडा मांगाच्या हातचा. मोट फाटली की मळा वाळायचा. म्हणजे या मुलखाची हिरवळ आमच्या टाक्यावर टिकून होती. पण मळ्यातल्या विहिरीवर आमच्या बाईनं घागर बुडवली असती तर रक्त सांडलं असतं. मोट चांभाराची चालते, तिच्यातून आलेलं पाणी चालतं, ती शिवणारा चांभार चालत नाही!

पुढं १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरेचा डावा कालवा काढला, वर भाटघरला धरण बांधलं. कालव्याच्या पट्ट्यात ऊस आला, मागनं कारखाने आले. वालचंदनगर उभं राहिलं, मग माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे सहकारी कारखाने आले. इंजिन आलं, विजेची मोटार आली आणि मोट गेली. ज्याची जमीन भिजली तो बागाईतदार झाला, कारखान्याचा सभासद झाला, त्याचा पोरगा संचालक झाला. ज्यानं मोट शिवली त्याचं काम गेलं, एवढंच त्याच्या वाट्याला आलं. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं बंद झाली ते चांगलंच झालं, महारकीची बेडी तुटली. पण बेडी तुटली म्हणजे हातात जमीन आली असं नाही. पाणी कालव्यानं आलं, सहकारानं वाटलं आणि जमिनीच्या उतारानं नाही, जातीच्या उतारानं वाहिलं.

आता देवाकडं वळू. आमच्या भागातून दर आषाढात तुकोबांची पालखी जाते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढरांचं रिंगण होतं, बेलवाडीला, इंदापूरला रिंगण होतं. मी लहानपणापासून बघतोय. मला एकच दिसतं: हजारो पखवाज, आणि प्रत्येक पखवाजाच्या दोन्ही तोंडांना कातडं. ते कातडं भजनात, ते कातडं देवाच्या पायाशी. जेजुरीच्या वाघ्याची भंडाऱ्याची पिशवी कातड्याची, तिच्यातला भंडारा कपाळाला. धनगराचा गजी ढोल कातड्याचा. कातडं देवाला चाललं. कातडं कमावणारा मात्र पंढरपूरच्या देवळात १९४७ पर्यंत चालला नाही, आणि त्या वर्षी चालला तोही साने गुरुजींना उपोषण करावं लागलं तेव्हा. म्हणजे विटाळ कातड्याचा नव्हताच कधी. विटाळ हा बहाणा होता. खरी गोष्ट ही की फुकट राबणारा माणूस फुकटच राहावा म्हणून त्याला घाण ठरवायचं. जोतिबांनी १८८० च्या दशकात आपल्या पुस्तकाचं नाव आसूड ठेवलं. तो आसूडसुद्धा आमच्याच आळीत वळला जातो, हे लक्षात ठेवा.

आता आपल्या दुसऱ्या सल्लागाराकडं येतो. तो बाबासाहेबांचं नाव घेतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं मांस खाऊ नका, उष्टं घेऊ नका, मेलेली ढोरं ओढू नका. लोकांनी ऐकलं. गावोगाव मेलेली जनावरं कुजत पडली आणि सवर्ण गाव पिसाळलं. मग कळवळा आलेले लोक हिशेब घेऊन पुढं आले: अहो, या गरीब लोकांचं वर्षाला कातडं, शिंगं, हाडं यांचं पाचशे रुपयांचं नुकसान होतंय! या हिशेबाला बाबासाहेबांनी काय उत्तर दिलं ते त्यांनीच १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितलं आहे. उत्तराचा मतलब असा: एवढा फायदा आहे ना, मग तुम्हीच ओढा, तो फायदा तुम्हीच घ्या, वर मी आणखी पाचशे देतो.

कोण ओढायला आलं? कोणी नाही.

या उत्तरात सगळं आहे. बाबासाहेबांनी कातड्याला घाण म्हटलं नाही. त्यांनी सौदा उघडा पाडला. काम जर इतकं फायद्याचं आणि इतकं पवित्र, तर ते एकाच जातीकडं का? सगळ्यांना खुलं करा, नाहीतर आम्ही सोडतो. हा त्यांचा मुद्दा. म्हणून रापी सोडणारा महार बरोबर होता, आणि स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या भावानं रापी धरणारा चांभारही चूक नाही. चूक आहे ती सक्ती. धरायची सक्ती तशीच सोडायची सक्ती. उद्या आबांनी रापी ठेवली तर त्यांना कोण पोसणार आहे? बैठकीत टाळ्या वाजवणारे?

पण पहिल्या सल्लागाराला मी इतक्यावर सोडणार नाही, कारण त्याच्यामागं सरकार उभं आहे.

१९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी एक योजना आणली. पोरांनी शाळेत अर्धा वेळ बसायचं आणि उरलेल्या वेळात घरी बापाचा धंदा शिकायचा. पेरियारांच्या लोकांनी तिला कुलकल्वी म्हटलं, म्हणजे जातीचं शिक्षण, आणि रान उठवलं. राजाजींना जावं लागलं आणि १९५४ ला योजनाही गेली. सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं पीएम विश्वकर्मा योजना काढली. अठरा धंदे, त्यात चर्मकारही. हत्यारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता, दोन हप्त्यांत तीन लाखांपर्यंत पाच टक्क्यांनी कर्ज. पैसे मिळत असतील तर घ्या, ते आपलेच आहेत, मी कुणाला अडवत नाही. पण त्या योजनेची भाषा ऐका: घराण्याचा परंपरागत धंदा, गुरु-शिष्य परंपरा. आमच्या आज्याचा गुरु कोण? भूक. तामिळनाडू सरकारनं २०२४ साली सांगितलं की घराण्याच्या धंद्याची अट काढा, तशी योजना आम्ही राबवणार नाही. त्यांनी आपली वेगळी योजना काढली, जातीची अट नसलेली. महाराष्ट्रात, फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात, हा प्रश्न विचारायला एखादी बैठक तरी झाली का? आपण काय करत होतो? पुतळ्याला हार घालत होतो.

आणि ज्या सरकारला आमची परंपरा इतकी प्यारी, त्यानं आमचं कातडं काय केलं बघा. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानंच बंदी होती. २०१५ साली बैल आणि वळूही त्यात आले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. मेलेल्या जनावराचं कातडं काढायला बंदी नाही, कागदावर नाही. पण कातडं घेऊन निघालेल्या टेंपोला रस्त्यात अडवणारं टोळकं कागद वाचत नाही. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उनाजवळच्या मोटा समढियाळा गावात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या चार पोरांना गाडीला बांधून मारलं आणि त्याची फिल्म काढून जगाला दाखवली. तेव्हा गुजरातच्या दलितांनी काय केलं? सुरेंद्रनगरला मेलेली ढोरं गाड्यांत भरून कलेक्टर कचेरीसमोर नेऊन टाकली. तुमची माता, तुम्ही सांभाळा! महाडचं उत्तर नव्वद वर्षांनी पुन्हा दिलं गेलं. कुणी भाषण न करता.

गावातला शेतकरीही बघा. म्हातारा बैल विकता येत नाही, म्हणून तो बैल पाळायचंच सोडतो. आमच्याकडं कातडं गावातून येणं थांबलं. आबा आता धारावीहून आलेलं तयार कातडं घेतात, जास्त करून म्हशीचं. भाव त्यांचा. म्यान महाग झालं की धनगर रेक्झिनचं घेतो, प्लॅस्टिकचं घेतो. त्याला तरी कुठं परवडतं?

याच काळात दुसरीकडं काय झालं तेही सांगतो. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्रादा नावाच्या कंपनीनं पोरांच्या पायात कोल्हापुरी घालून त्यांना चालवलं आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इकडं बोंब झाली, तेव्हा कबूल केलं. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकच्या तशाच महामंडळाशी करार झाला: २,००० जोड, एका जोडाला सुमारे ८०० युरो. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं होतं, म्हणून निदान भांडता तरी आलं. मानांकन आठ जिल्ह्यांना आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार. आमचा पुणे जिल्हा त्यात नाही. म्हणजे भीमा ओलांडली की पलीकडच्या काठावरचा चांभार मानांकनातला आणि अलीकडचा नुसताच चांभार! आणि म्यानाला, आसुडाला, धनगराच्या पिशवीला कसलंच मानांकन नाही.

पण मला मानांकनाची भीक मागायची नाही. बोंब झाली ती कुणासाठी? कोल्हापूरच्या इज्जतीसाठी, महाराष्ट्राच्या अस्मितेसाठी. चप्पल महाराष्ट्राची झाली, परंपरा सगळ्यांची झाली. चांभारवाडा मात्र चांभाराचाच राहिला. आमचं काम चोरीला गेलं तर राज्य रडतं. आमचा माणूस मारला गेला तर राज्य चौकशी समिती नेमतं.

आता आपल्या घरातलं बोलतो, आणि हे झोंबेल.

आमचा चांभार स्वतःला ढोरापेक्षा वर समजतो, कारण ढोर कातडं कमावतो आणि हा तयार कातडं शिवतो. ढोर आणि होलार आपापल्या जागी कुणाला तरी खाली बघतात. आमच्या आळीत अजून महाराच्या घरचं पाणी न पिणारे म्हातारे आहेत, आणि जय भीम म्हटलं की तोंड फिरवणारे तरुण आहेत. त्यांना वाटतं रोहिदास आमचे, बाबासाहेब त्यांचे. अरे, कर्ज मागायला जाता ते महामंडळ, शिष्यवृत्ती घेता ती कचेरी, मत देता तो कागद, कुणी दिलं? उलट आपल्या बौद्ध दोस्तांनाही सांगतो: आमच्या पोरानं बैठकीत तोंड उघडलं की "तुमचे रोहिदासवाले" म्हणून हसता, ते बंद करा. रापी बघितली की नाक मुरडता. तुमच्या आज्यानं ढोर ओढायचं सोडलं ते नाक मुरडून नाही, छातीवर मार झेलून. त्यानं कामाला नकार दिला, काम करणाऱ्याला नाही.

आणखी एक. आबांच्या म्यानांवर आबांचं नाव नाही असं मी वर लिहिलं. खरं म्हणजे त्यातले निम्मे टाके आईचे आहेत. पट्टे शिवणं, कडा घासणं, दोऱ्याला मेण लावणं, चपलांच्या वेण्या घालणं, हे सगळं आईचं. तिला बलुत्यातही वाटा नव्हता, सरकारी यादीतही नाही. गटई कामगार म्हणून जो फॉर्म भरतात त्यात आबांचं नाव. उद्या नाव ठोकायची वेळ आली तर दोन नावं ठोकावी लागतील, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मग करायचं काय? नुसत्या शिव्या देऊन लेख संपवणं सोपं आहे. मी चार गोष्टी मागतो.

पहिली. मेलेलं जनावर उचलणं हे कुठल्याही जातीचं काम नाही. ते ग्रामपंचायतीचं, नगरपालिकेचं काम आहे. गाडी, यंत्र, हातमोजे आणि पगार. ज्याला ती नोकरी करायची तो करील, कुठल्याही जातीचा.

दुसरी. चर्मकाम आयटीआयत शिकवा, सगळ्यांना. पाटलाच्या पोराला, जोशाच्या पोरीला. ज्या दिवशी त्यांच्यातला कुणी आबांसमोर बसून दोन सुयांचा टाका शिकेल आणि रोजगार म्हणून करील, त्या दिवशी मी त्याला कला म्हणेन. तोवर तो शब्द माझ्यासमोर वापरू नका.

तिसरी. समाजकल्याण खातं गटई कामगारांना पत्र्याचा स्टॉल देतं. पण जागा स्थानिक संस्थेनं द्यायची. एका नाक्यावरून आमचा स्टॉल दोनदा उचलून नेला, सुशोभीकरण म्हणून. स्टॉल आहे, जागा नाही. पोट आहे, शहर नाही. जागा द्या, लेखी द्या.

चौथी मागणी सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती आपल्या चळवळीकडंच आहे. दर हंगामात बीडकडून, नगरकडून ऊसतोडीला माणसं येतात. मुकादम त्यांना माणसं म्हणून मोजत नाही, कोयते म्हणून मोजतो. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. आणि तो खरा कोयता उघडाच असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायका, पोरं, भांडी, कुत्री आणि त्यांच्यामधे उघडी पाती. खोपीत रात्री पोरं झोपतात तिथं उशाला उघडी पाती. कारखान्याला साखरेच्या पोत्याचं वजन ग्रॅमपर्यंत कळतं, पण कोयत्याला म्यान पाहिजे हे अजून कळलेलं नाही. गाळप सुरू होताना प्रत्येक कोयत्याला एक कातडी म्यान कारखान्यानं दिलं पाहिजे, सुरक्षेचं साधन म्हणून, फुकट. आणि ते म्यान बारामती-इंदापूरच्या आळ्यांतून विकत घेतलं पाहिजे, रोख भावानं. भाव शिवणारे ठरवतील.

हे छोटं वाटतं? हिशेब करा. या दोन तालुक्यांतल्या प्रत्येक कारखान्याच्या फडात किती कोयते येतात ते मोजायला पोरं पाठवू. एक जण मोजेल, एक जण लिहील. गव्हाण पूजेच्या दिवशी मागणीचा कागद घेऊन फाटकावर जाऊ. तोडणारा बहुतेक वेळा वंजारी, बंजारा, नाहीतर आपलाच. शिवणारा चांभार. कमावणारा ढोर. म्यान हातात धरून हे सगळे एका फाटकावर उभे राहिले, तर मेलेल्या जनावराभोवती पाच जाती उभ्या करणाऱ्यांना पहिल्यांदा उलटं चित्र दिसेल. कारखानदाराला शिवी दिली तर तो हसतो. मागणीचा आकडा ठेवला की त्याला घाम फुटतो.

रापी धरायची का टाकायची हे ज्याच्या हातात आहे तोच ठरवील. त्याची जात नाही, सरकार नाही, मिलान नाही आणि मीही नाही. पण ठरवायला आधी ती निवड हातात पाहिजे. म्यान कारखान्याच्या खर्चानं आणि शिवणाऱ्याच्या भावानं झालं, तर निवडीची सुरुवात होईल. पुढचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो. ज्यांना मोजणीला यायचं आहे त्यांनी बैठकीत नाव द्यावं. रोहिदासवाल्यांनी आधी द्यावं.

जय भीम.